रोज दोनशे वेळा आवळूनही लघवी सुटते तेव्हा

खानापूर तालुक्यातल्या एका गावातून एका ताईंनी विचारलंय. वय ३६. दोन मुलं, दोन्ही बाळंतपणं नैसर्गिक, दुसऱ्या वेळी टाके पडले. धाकटा आता चार वर्षांचा आहे. शिंक आली, खोकला आला, घागर किंवा भाताचं पोतं उचललं की लघवी सुटते. आठ महिन्यांपासून मोबाइलवर बघून त्या रोज दोनशे वेळा केगलचा, म्हणजे लघवीच्या वाटेभोवतीचे स्नायू आवळून सोडण्याचा व्यायाम करतात. फरक नाही. उलट दोन-तीन महिन्यांपासून ओटीपोट दुखतं, संबंधाच्या वेळी त्रास होतो आणि लघवीला सारखं जावं लागतं. सासूबाई म्हणतात, बाळंतपणात शेक कमी पडला. एका डॉक्टरांनी गर्भाशयाची पिशवी काढून टाकायचा विषय काढला. बेळगावला यायला जमत नाही, असंही त्यांनी लिहिलंय. ताईंचं विचारणं असं: "अजून कुठला व्यायाम वाढवू? घरच्या घरी बरं होईल का? पिशवी काढली तर थांबेल का?"

ताई, मी बेळगावात फिजिओथेरपी करते. सोळा-सतरा वर्षं झाली, आणि त्यातली बरीचशी बायकांच्या याच तक्रारींत गेली. तुमच्या तीन प्रश्नांची उत्तरं आधी देते, कारण सगळं वाचायला तुम्हाला वेळ मिळेल न मिळेल. व्यायाम वाढवू नका, उलट ते दोनशे उद्यापासून बंद करा. घरी खूप काही होतं, पण तुमच्या बाबतीत एकदा तरी तपासून घ्यायला हवं. आणि शिंकताना सुटणारी लघवी पिशवी काढून थांबत नाही.

आता जरा सावकाश सांगते.

तुम्ही विचारलंय कोणता व्यायाम, पण मला तुमच्या पत्रातली दुसरी ओळ जास्त महत्त्वाची वाटली. आठ महिने केलं आणि दुखायला लागलं. स्नायू नुसता ढिला असता तर आठ महिन्यांत थोडा तरी फरक दिसला असता, निदान दुखायला लागलं नसतं. म्हणजे दोनपैकी एक गोष्ट होत असणार. एक तर तुम्ही आवळताय असं समजून भलताच स्नायू आवळताय. नाही तर बरोबर स्नायू आवळताय, पण तो सोडतच नाही आहात. दोन्ही एकत्र असणाऱ्या बायकाही मला भेटतात.

हा स्नायू नेमका कुठे असतो ते डोळ्यांसमोर आणा. आपल्याकडे लहान बाळाला साडीची झोळी बांधतात ना, तशी एक झोळी आपल्या बसण्याच्या हाडांच्या मधोमध आडवी टांगलेली आहे. तिचं पुढचं टोक जांघेच्या मधल्या हाडाला, मागचं टोक माकडहाडाला. तिच्यातून तीन वाटा बाहेर जातात: लघवीची, योनीची आणि शौचाची. वर मूत्राशय, गर्भाशय आणि आतडं बसलेलं. या झोळीला तीन कामं असतात. वरचं वजन पेलायचं, वाटा गरजेप्रमाणे बंद ठेवायच्या आणि वेळ आली की उघडायच्या. पहिल्या दोन कामांसाठी ताकद लागते. तिसऱ्याला ढिलाई लागते, आणि तिच्याबद्दल मोबाइलवर कुणी फारसं बोलत नाही.

बाळंतपणात ही झोळी ताणली जाते. बाळाचं डोकं बाहेर येताना ती एरवीच्या लांबीच्या किती तरी पट ताणते, काही वेळा हाडापासून थोडी सुटते, टाके पडले तर फाटून शिवली जाते. मग वर खोकल्याचा किंवा वजनाचा धक्का आला की लघवीची वाट मिटून राहत नाही. हे तुमचं पहिलं दुखणं, चार वर्षांपूर्वीचं. दुसरं दुखणं नवं आहे, दोन-तीन महिन्यांचं. सतत आवळलेली झोळी. मूठ दिवसभर मिटून ठेवा, संध्याकाळी हात दुखेल आणि त्याच हाताने कळशी उचलायला गेलात तर पकडही धड बसणार नाही. आखडलेला स्नायू ताकदवान असतो असं नाही. तो आधीच वर ओढलेला असल्यामुळे शिंक येते तेव्हा आणखी वर जायला त्याला जागाच नसते. म्हणून एकाच बाईला दुखणंही असतं आणि लघवीही सुटते.

याबद्दल माझी स्वतःची चूक सांगते. सुरुवातीच्या दोन-तीन वर्षांत मी सगळ्या बायकांना एकच छापील कागद द्यायची. आवळा, दहा मोजा, सोडा. निपाणीकडची एक बिडीकामगार बाई आली होती. दिवसभर मांडी घालून सूप मांडीवर घेऊन बसायचं काम. कागद घेऊन गेली, प्रामाणिकपणे केलं, आणि दोन महिन्यांनी आली ती रडत. बसता येत नव्हतं, शौचाला जोर करावा लागत होता. मी तिला तपासलंच नव्हतं. तिची झोळी आधीच दगडासारखी होती आणि मी तिला अजून आवळायला सांगितलं होतं. तो कागद मी त्यानंतर कुणाला दिला नाही.

केगल हे नाव अमेरिकेतल्या एका स्त्रीरोगतज्ज्ञाचं, आर्नोल्ड केगल यांचं. त्यांनी १९४८ साली या व्यायामावर लिहिलं. त्यांच्या पद्धतीत बाईला आवळण्याची ताकद दाखवणारं एक दाबमापक यंत्र असायचं. म्हणजे बाई बरोबर करते की नाही हे आधी बघितलं जाई. आपल्याकडे नाव तेवढं आलं, बघणं मागे राहिलं. नुसतं तोंडी सांगितलं तर कितीतरी जणी आत-वर ओढण्याऐवजी खाली जोर देतात. शौचाला बसल्यासारखा. असं रोज दोनशे वेळा झालं तर लघवी सुटणं वाढणारच.

तर आता काय करायचं. पण त्याआधी एक सोपी गोष्ट, तीही या आठवड्यात: लघवी तपासून घ्या आणि रक्तातली साखर बघा. सारखं जावं लागणं आणि ओटीपोट दुखणं हे लघवीच्या जंतुसंसर्गातही होतं. ही तपासणी खानापूरच्या सरकारी दवाखान्यात होते, त्यासाठी बेळगाव गाठायची गरज नाही. संसर्ग निघाला तर आधी त्याचं औषध, व्यायाम नंतर. आणि लघवीत रक्त दिसलं, एकाएकी लघवी अडली, मांड्यांच्या मधल्या भागाला बधिरपणा आला, पायातली ताकद गेली किंवा तापासोबत कंबर दुखली, तर मग माझं काहीच वाचू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

संसर्ग नसेल तर पहिले तीन आठवडे फक्त सोडायला शिकायचं. दुपारी घरात जरा सामसूम असते तेव्हा पाठीवर झोपा, गुडघे दुमडा, खाली उशी. एक हात पोटावर. नाकाने सावकाश श्वास घ्या, पोट हातासकट वर येऊ द्या. त्याच वेळी खाली झोळी किंचित खाली उतरते असं जाणवेल. पहिल्या चार दिवसांत काही जाणवलं नाही तरी घाबरू नका. श्वास सोडताना काहीच करू नका, आवळू तर मुळीच नका. पाच मिनिटं, दिवसातून दोनदा. त्यानंतर गुडघ्यावर बसून कपाळ जमिनीला टेकवायचं, देवाला नमस्कार करतो तसं, गुडघे थोडे लांब ठेवून. तिथेही दहा-बारा श्वास. उकिडवं बसायची तुम्हाला सवय असणार. दाराच्या चौकटीला किंवा खांबाला धरून उकिडवं बसा, टाचा टेकत नसतील तर खाली घडी केलेलं पोतं घ्या, आणि त्या स्थितीत श्वास घ्या. रात्री मोठ्या घमेल्यात कोमट पाणी घेऊन दहा मिनिटं बसलात तर आखडलेपणा उतरतो.

हे करताना तुमच्या सासूबाईंचं शेकाचं म्हणणं मला आठवलं. त्यांना खोडून काढू नका. ऊब दुखऱ्या स्नायूला बरी वाटते हे खरंच आहे, आणि सवा महिना बाळंतिणीला वजन उचलू न देण्याची जुनी रीत तर मला आजच्या कितीतरी सल्ल्यांपेक्षा शहाणी वाटते. शेकाने फाटलेला स्नायू जोडला जात नाही एवढंच. आणि पोट गच्च बांधण्याबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. आधारापुरतं बांधलं तर ठीक, पण श्वास अडेल इतकं आवळलं की दाब खाली झोळीवर येतो. आपल्याकडे खरी चूक सवा महिन्यानंतर होते. एक्केचाळीसाव्या दिवशी बाई घागर, गोठा, शेण, भांगलण, सगळं एकदम सुरू करते.

दुखणं निम्म्याने कमी झालं, संबंधाच्या वेळचा त्रास उतरला, की मग ताकदीकडे वळायचं. तीन आठवड्यांत झालं तर छान, सहा लागले तरी हरकत नाही. आता बरोबर स्नायू ओळखायचा. हातात छोटा आरसा घ्या, अंघोळीच्या वेळी. लोकांच्या घोळक्यात वारा सुटू नये म्हणून जसं आपण रोखतो, तसं मागची वाट आवळा. मराठीत मला यापेक्षा चांगली सूचना अजून सापडलेली नाही. बायका हसतात, पण लगेच कळतं. आरशात वाटांच्या मधला भाग आत आणि वर जाताना दिसला तर बरोबर. बाहेर फुगला तर उलट जोर देताय, तिथेच थांबा आणि दाखवून घ्या. नितंब आवळले, मांड्या जुळल्या, पोट आत ओढलं किंवा श्वास रोखला, तर ते दुसरे स्नायू मदतीला आले. योगवर्गात मूलबंध किंवा अश्विनी मुद्रा शिकलेल्या बायकांना जागा पटकन सापडते, पण त्या बहुतेक वेळा श्वास रोखून धरतात, आणि इथे तो रोखायचा नाही. लघवी करताना मध्येच धार अडवून बघणं हा व्यायाम करू नका. ओळख पटवायला एखाद्या वेळी ठीक, रोज केलं तर मूत्राशय पूर्ण रिकामं न व्हायची खोड लागते.

जागा सापडली की श्वास सोडत आवळा, पाच मोजेपर्यंत धरा, आणि सोडल्यावर दहा मोजेपर्यंत काहीही करू नका. सोडणं धरण्याच्या दुप्पट. असं आठ वेळा. दिवसातून तीनदा, सुरुवातीला झोपून, मग बसून, शेवटी उभ्याने. शेवटी पाच-सहा पटापट आवळणं-सोडणं. बस. दिवसाला चोवीस लांब आवळणी, दोनशे नव्हे. धरायचा वेळ महिन्याभरात आठ-दहा सेकंदांवर न्या. आठ वेळांचा आणि तीन महिन्यांचा हिशेब माझ्या मनचा नाही, जगभर शिंकताना लघवी सुटण्यावर हाच पहिला उपचार मानतात: निदान तीन महिने, दिवसातून तीन वेळा, दर वेळी आठ आवळणी, आणि शिकवणारं कुणीतरी सोबत. शस्त्रक्रियेचं नाव त्यानंतर.

याहून लवकर फरक दाखवणारी एक युक्ती आहे. शिंक येतेय असं कळलं, की आधी आवळा, मग शिंका. घागर उचलायच्या आधी आवळा, श्वास सोडत उचला, खाली ठेवल्यावर सोडून द्या. सुरुवातीला विसरायला होतं. वडगावातल्या मागावर काम करणाऱ्या एका वैनींनी मला सांगितलं होतं की त्यांनी घागरीच्या गळ्याला लाल दोरा बांधला, दोरा दिसला की आठवायचं. मला आवडलं, तेव्हापासून मी तेच सांगते. बहुतेकींना दोन-तीन आठवड्यांत घागरीच्या वेळचं सुटणं कमी झालेलं दिसतं. शिंक जरा उशिरा ऐकते, ती सांगून येत नाही.

आता सारखं जावं लागण्याबद्दल. इथे तुमची एक सवय मला ओळखून घ्यावीशी वाटते, चुकले तर सांगा. शेतात, बसमध्ये, बाजारात जागा नसते म्हणून बाहेर पडण्याआधी घाई नसतानाही तुम्ही एकदा जाऊन येता, आणि दिवसभर पाणी कमी पिता. खानापूरकडच्या रोप लावणीला जाणाऱ्या जवळजवळ सगळ्याच बायका असं करतात, आणि त्यांना मी दोष देणार नाही, बांधावर आडोसा नसतो तर करायचं काय. पण थोडं थोडं भरल्यावरच रिकामं केलं की मूत्राशयाला तेवढ्याचीच सवय होते, आणि कमी पाण्याने लघवी दाट होऊन आत जळजळ वाढवते. तीन दिवस एक वही ठेवा. किती वाजता गेलात, मापाच्या प्लास्टिक मगमध्ये किती झाली, काय प्यालात, कधी सुटली. मोठ्या माणसाचं मूत्राशय साधारण तीनशे ते पाचशे मिलिलिटर धरू शकतं, दिवसात सहा ते आठ वेळा जाणं सर्वसाधारण. वहीत शंभर-दीडशेच्याच नोंदी असतील तर घाई लागल्यावर लगेच पळायचं नाही. थांबा, पाच वेळा पटापट आवळून सोडा, हाताला काहीतरी काम द्या, ती लाट ओसरते, मग चालत जा. दोन खेपांमधलं अंतर दर आठवड्याला पंधरा मिनिटांनी वाढवा. निदान सहा आठवडे. पाणी दीड-दोन लिटर, उन्हात काम असेल तर त्याहून जास्त. चहा दिवसात दोन कपांवर आणा. आपल्याकडे पाहुणा आला की चहा, निघाला की चहा, हे मला माहीत आहे, पण चहाने मूत्राशय चाळवतं.

मलावरोध असेल तर तो आधी मोडा, कारण शौचाला दिलेला रोजचा जोर म्हणजे झोळीवर रोजचा धक्का. उकिडव्या संडासाचा आपल्याला फायदाच आहे, घरात नवा कमोड बसवला असेल तर पायाखाली पाट घ्या. नाचणी, ज्वारीची भाकरी, पालेभाजी, आणि रताळी. बेळगावच्या आसपास रताळी एवढी पिकतात आणि आपण ती फक्त उपवासाला खातो. चुलीवर स्वयंपाक असेल, धुराने खोकला असेल, घरात कुणाची विडी असेल, तर त्या खोकल्याचाही बंदोबस्त करायला हवा. पावसाळ्यात माझ्याकडे जांबोटी-कणकुंबीकडच्या बायका वाढतात, त्याचं एक कारण खोकला आणि दुसरं रोप लावणी. वजन जास्त असेल तर पाच-दहा टक्के उतरल्यानेही लघवी सुटणं कमी होतं. तुमचं वजन तुम्ही लिहिलं नाही, म्हणून इतकंच.

संबंधाच्या वेळच्या दुखण्याबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिली आहे, मीही जास्त खोलात जात नाही. दुखत असताना सहन करून पुढे जाऊ नका, कारण दर वेळी शरीर आवळून घ्यायला शिकतं. काही आठवडे थांबायचं असेल तर नवऱ्याला कारण सांगा, की स्नायू आखडलाय, उपचार चालू आहे. मी अनेक नवऱ्यांना समोर बसवून हे सांगितलंय आणि बहुतेक जण ऐकतात, त्यांना फक्त आजवर कुणी सांगितलेलं नसतं. नंतर सुरू करताना कोरडेपणा असेल तर वंगण वापरा. खोबरेल तेल चालतं, पण निरोध वापरत असाल तर नको, तेलाने रबर विरतं.

आता पिशवी. ताई, गर्भाशय लघवीची वाट धरून ठेवत नाही. त्यामुळे नुसत्या लघवीसाठी ती काढणं मला पटत नाही. पिशवी काढायची कारणं वेगळी असतात: औषधांनी न थांबणारा रक्तस्राव, मोठ्या गाठी, कर्करोगाची शंका, किंवा अंग बरंच बाहेर येणं, म्हणजे गर्भाशय खाली सरकणं, आणि त्या वेळीही आधार शिवण्याचं काम वेगळं करावं लागतं. आपल्याकडे ऊस तोडायला येणाऱ्या बायकांत तिसाव्या वर्षी पिशवी काढलेली बाई मी पाहिली आहे. बीडकडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचा विषय २०१९ साली वर्तमानपत्रांत आला तेव्हा मला नवल वाटलं नाही. तुम्हाला डॉक्टरांनी कशासाठी सुचवलं ते कारण लिहून मागा. सोनोग्राफीत काही निघालं होतं का? कारण नुसतं लघवी एवढंच असेल तर दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञाचं मत घ्या. शिंकताना सुटणाऱ्या लघवीवरची शस्त्रक्रिया निराळी आहे, लघवीच्या नळीखाली आधाराची पट्टी बसवतात. तीही तीन महिने व्यायाम करून झाल्यावर, आणि पुढे मूल नको हे ठरल्यावर विचारात घ्यायची.

अंग बाहेर येतंय का हेही तुम्ही लिहिलेलं नाही. उकिडवं बसल्यावर किंवा संध्याकाळी योनीशी गोळा लागतो का, बघा. तसं असेल तरी लगेच शस्त्रक्रिया असं काही नाही. आत बसवायची सिलिकॉनची रिंग मिळते, ती आधार देते, दर काही महिन्यांनी काढून धुऊन परत बसवतात. नंदगडकडच्या एक सत्तरीच्या मावशी सहा वर्षं रिंग घेऊन शेतात जातात. पहिल्यांदा दाखवली तेव्हा म्हणाल्या, "एवढ्याशा रबराला मी वीस वर्षं लाजले होय?" त्यांच्या वयात कोरडेपणा असतो, म्हणून रिंगेसोबत योनीत लावायचं हार्मोनचं मलम डॉक्टर देतात. तुमच्या वयात त्याची सहसा गरज नाही, बाळाला पाजत असाल तर गोष्ट निराळी.

तपासणी म्हणजे काय होतं हे आधी सांगते, कारण बायका त्याच भीतीने येत नाहीत. आधी अर्धा तास नुसतं बोलणं. मग तुमची परवानगी असेल तरच तपासणी. पडदा, चादर, हातमोजे, एक बोट, आणि "थांबा" म्हटलं की थांबायचं. सोबत बहीण, सासू, कुणालाही आत घ्या. बोटाने कळतं की स्नायू आवळतो किती, सोडतो किती, आणि कुठे दाबल्यावर तुमचं नेमकं तेच दुखणं उठतं. टाक्यांची खूण ओढते का तेही. आवळण्याची ताकद आम्ही शून्य ते पाचमध्ये मोजतो. आतून नको असेल तर पोटावरून सोनोग्राफीचं यंत्र लावून स्क्रीनवर झोळीची हालचाल दाखवता येते. कमी कळतं, पण काहीच न कळण्यापेक्षा बरं. आखडलेल्या जागा बोटाने हळूहळू सैल करणं, टाक्यांच्या खुणेला मालिश, ते तुम्हाला स्वतःला शिकवणं, आवळणं-सोडणं स्क्रीनवर बघत शिकणं, हे सगळं आमचं काम. विजेचं यंत्र लावून उपचार करून घ्या असं कुणी सुचवलं तर विचारा कशासाठी. ज्या बाईला स्नायू मुळीच हलवता येत नाही तिला त्याचा उपयोग होतो. तुम्ही आवळू शकता, तुम्हाला बहुधा त्याची गरज नाही.

तुम्हाला बेळगावला यायला जमत नाही असं लिहिलंय. शक्ती योजनेमुळे ११ जून २०२३ पासून कर्नाटकातल्या बायकांना राज्याच्या साध्या सरकारी बसला तिकीट नाही, पण तिकिटाचा प्रश्न सुटला तरी दिवस मोडतोच, आणि मजुरीही. म्हणून मी लांबच्या बायकांना तीन महिन्यांत चार-पाचदाच बोलावते, पहिल्या महिन्यात दोनदा, मग महिन्याने एकदा, मधलं फोनवर. बेळगावात जिल्हा रुग्णालय आहे, मेडिकल कॉलेजांची रुग्णालयं आहेत, फिजिओथेरपीची कॉलेजं आहेत, आणि कॉलेजच्या विभागात खर्च सहसा कमी असतो. खिडकीवर नुसतं "फिजिओ" म्हणू नका, गुडघ्याच्या रांगेत बसवतील. "बायकांच्या ओटीपोटाच्या तक्रारींसाठी बाई फिजिओथेरपिस्ट आहेत का, कुठल्या दिवशी असतात" असं आधी फोन करून विचारा. अर्ज कन्नडमध्ये असेल तर गोंधळू नका, तिथल्या सिस्टर बहुतेक दोन्ही भाषा बोलतात. कोल्हापूर, मिरज किंवा गोव्याला नातेवाईक असतील आणि तिकडे जाणं सोपं असेल तर तिथेही हे काम होतं.

किती दिवसांत बरं होईल हे मी छातीठोक सांगत नाही. आखडलेपणाचं दुखणं बहुतेकींचं सहा ते आठ आठवड्यांत बरंच उतरतं. लघवीचं तीन महिन्यांत कळतं. टाके कितपत खोल होते यावर पुष्कळ अवलंबून आहे. शौचाच्या वाटेपर्यंत फाटलं होतं का, वारा किंवा मळ नकळत सुटतो का? तसं असेल तर घरी तीन आठवडे वाट न बघता सरळ या. डिस्चार्ज कार्डावर टाक्यांबद्दल काय लिहिलंय ते शोधून ठेवा, बाळंतपणाचे कागद बहुधा पत्र्याच्या पेटीत, मुलाच्या लसीच्या कार्डासोबत असतात.

लघवीचा रिपोर्ट आणि तीन दिवसांची वही झाली की मला परत लिहा. सोबत एवढं कळवा: आरशात आवळताना मधला भाग आत जातो की बाहेर येतो, आणि आवळून सोडल्यावर तो खाली उतरलेला तुम्हाला जाणवतो का. पुढचं काय ते त्यावरून सांगते.